स्नेह राखण्याचे काम

(महोत्सवानिमित्त बरकतपुरा येथे भरलेल्या कुटुंब-मेळाव्यात झालेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय नुसता 'कौटुंबिक जीवन' असा छापला आहे. विषय इतका ऐसपैस आहे की, पुरणपोळीपासून पोटगीपर्यंत सारे काही त्यात बसावे. वेळ मात्र चिटणिसांनी वीसच मिनिटांचा दिला आहे, आणि माझ्यानंतर मुलांच्या नाचाचा कार्यक्रम आहे. पायांत घुंगरू बांधून बसलेल्या मुलांना फार वेळ ताटकळत ठेवणे बरे नव्हे. म्हणून घरातल्या अनेक कामांपैकी एकाच कामाविषयी बोलावे असे मी ठरवले आहे. त्या कामाला आपण काम म्हणतच नाही, हीच त्यातली अडचण आहे.

कमावणे हे काम, रांधणे हे काम, मुलांचा अभ्यास घेणे, आजाऱ्याचे पाहणे, विजेचे बिल भरणे ही सारी कामेच, हे आपण मान्य करतो. परंतु अमक्यांच्या मुलीचे लग्न ठरले आहे, तमक्यांची आई दवाखान्यात आहे, समोरच्या घरातल्या आजोबांचे वर्षश्राद्ध या महिन्यात आहे, ज्यांच्याकडे आपण चार वेळा जेवून आलो त्यांना आपण अजून एकदाही बोलावलेले नाही, हे सारे ध्यानात ठेवणे आणि त्याप्रमाणे उठून जाणे, याला आपण काय म्हणतो? 'हिची बायकांमध्ये ऊठबस फार' असे म्हणतो. मला एवढेच सांगायचे आहे की, ही ऊठबस म्हणजे घरातले एक जबाबदारीचे काम आहे, आणि ते एकाच माणसाच्या माथी ठेवल्यामुळे पुष्कळ घरे हळूहळू एकाकी होत चालली आहेत.

आपण बरकतपुऱ्यातली माणसे आहोत, तेव्हा इथलेच उदाहरण घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील मुळचे इथले नव्हेत. कोणी नांदेडचे, कोणी परभणीचे, कोणी बीडचे, कोणी बिदर-गुलबर्ग्याकडचे. निजामाच्या राज्याची राजधानी ही, म्हणून कोणी कचेरीत लागले, कोणी न्यायालयात वकिली करू लागले, कोणी शाळेत शिक्षक झाले. 1907 साली विवेक वर्धिनी शाळा सुरू झाली आणि मुलांच्या मराठीची सोय झाली. 1916 साली काचीगुड्याचे स्थानक बांधले गेले. मनमाडकडची गाडी धरायची म्हणजे काचीगुडा गाठायचे, आणि काचीगुडा तर आपल्या पायांखालचे. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू. त्यामुळे आपल्या कित्येक घरांत आजोबा कायदा उर्दूतून वाचत, आजीशी मराठीत भांडत आणि भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करीत. नातू या तिन्ही भाषांची एकत्र खिचडी करून 'हौ आजी, आता नक्को' असे म्हणत.

अशा घरात सख्खे नातेवाईक दूर असत. बाळंतपणाला आई वेळेवर पोचेलच याचा नेम नसे. दिराचे पत्र यायला चार दिवस लागत. मग वेळप्रसंगी धावून कोण येणार? शेजारी. शेजार मराठीच असे असेही नव्हते. एका बाजूला तेलुगू बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कानडी, समोर मारवाडी, पलीकडे उर्दू बोलणारे. आमच्या पिढीच्या मुलांना काकू-मावशीबरोबर अक्का, पिन्नी, भाभी, आपा अशा किती तरी बायका हक्काने रागे भरीत. वर्षप्रतिपदेला आपल्या दारी गुढी आणि त्यांच्या घरी उगादी. तिकडून कडुनिंबाची फुले, चिंच, गूळ नि कैरी घातलेली पचडी यायची आणि इकडून पुरणपोळी जायची. आता पुरणपोळी त्यांच्याकडेही होते, तिला ते बोब्बट्टू म्हणतात. म्हणजे दोन्ही घरांत तोच पदार्थ असूनही देवघेव व्हायचीच. पोटासाठी ती देवघेव नव्हती, हे यावरूनच कळावे. भाद्रपदातल्या अमावास्येला आपल्याकडे सर्वपित्रीचा स्वयंपाक चालू असताना शेजारी बतुकम्माची फुले रचली जात. आपल्या मुलींनी आधी पितरांचे पान वाढायला मदत करावी आणि संध्याकाळी शेजारच्या मैत्रिणींबरोबर फुलांभोवती फेर धरावा, यात कोणालाही काही वावगे वाटत नसे.

या साऱ्यामागे एक साधा नियम होता. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. घरात दुसरे काही नसले तर चार दाणे साखर घालून ती पाठवायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तो कोणाच्या ध्यानात असे तेवढे सांगते. तो आजीच्या ध्यानात असे, आईच्या ध्यानात असे. कोणाची वाटी आपल्याकडे आहे याचा हिशेब घरातल्या कर्त्या पुरुषाने ठेवल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

हा हिशेब किती मोलाचा होता ते दोन प्रसंगी दिसून आले. पहिला प्रसंग 1947-48 चा. रझाकारांच्या धामधुमीत संस्थानातल्या अनेक मराठी कुटुंबांनी बायकामुलांना सोलापूर, पुणे, वऱ्हाड अशा ठिकाणी आप्तांकडे पाठवून दिले. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि मग मंडळी हळूहळू परतली. त्या महिन्यांत मागे राहिलेल्या पुरुषांनी चूल पेटवलीच असणार, कारण न पेटवून सांगणार कोणाला? भाकरी जगाच्या नकाशासारखी झाली असेल, पण झाली असेल खरी. यावरून एवढे दिसते की, 'हे काम बायकांचे आणि ते पुरुषांचे' ही वाटणी ब्रह्मदेवाने केलेली नसून आपल्या सोयीने आणि सवयीने पडलेली आहे. वेळ आली की ती बदलते. मग वेळ येण्याची वाट तरी का पाहावी?

दुसरा प्रसंग 1 नोव्हेंबर 1956 चा. त्या दिवशी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. सरकारी नोकरांची वाटणी झाली. एकाच गल्लीतले एक घर औरंगाबादला गेले, दुसरे मुंबईला, तिसरे इथेच राहिले. भाषावार राज्ये झाली हे योग्यच झाले, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. परंतु वीस-वीस वर्षांचे शेजार त्या वर्षी सुटले. पुढे ते स्नेह टिकले तरी कसे? टपालाने टिकले. ती निळी आंतर्देशीय पत्रे आठवा. पुरुषांच्या पत्रात प्रकृती, पाऊस आणि बढती असे, आणि खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात बायकांनी लिहिलेले असे: धाकटीला दात आला का, वन्संचे जमले का, तुमच्या दारची मोगऱ्याची कुंडी मी नेली होती ती इथे लागली आहे. कडेच्या कोऱ्या पट्टीवरही मजकूर आडवा चालत असे. आज त्या घरांतली तिसरी पिढी एकमेकांच्या लग्नाला येते ती त्या कडेच्या मजकुराच्या पुण्याईवर.

मित्रांच्या एकत्र राहण्यातून केवढी कामे उभी राहिली आहेत याचा एक दाखला सर्वांना ठाऊक असलेल्या घरातलाच देते. धोंडो केशव कर्वे मुंबईस असताना त्यांचे आणि त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांचे बिऱ्हाड एकत्र होते. नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई मुंबईस भावाकडे आली. 1889 साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले तेव्हा तिथे गेलेली पहिली विधवा विद्यार्थिनी तीच. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई 1891 साली वारल्या, आणि 1893 साली कर्वे आणि गोदूबाई यांचा पुनर्विवाह झाला. पुढच्या साऱ्या इतिहासात त्यांना आपण बाया कर्वे म्हणून ओळखतो. दोन मित्रांच्या बिऱ्हाडाचे दार उघडे होते म्हणून ही गोष्ट घडू शकली. मैत्री ही रिकाम्या वेळाची चैन असे ज्यांना वाटते, त्यांनी हा दाखला मनाशी घोळवावा.

आता आजच्या घरांकडे वळू. बरकतपुऱ्यातली बैठी घरे बहुतेक गेली आणि त्या जागी मजल्यांवर मजले चढले. ओसरी नाही, ओटा नाही, दार उघडे टाकायची सोय नाही. मुलगा आणि सून दोघेही सकाळी मेट्रो किंवा मोटार धरून माधापूर-गच्चीबावलीला जातात ती दिवेलागणी उलटल्यावर परततात. एखादा मुलगा अमेरिकेत असतो. सून कमावते, याचा मला अभिमान वाटतो. परंतु तिच्या कमाईबरोबर घरातल्या कामाची वाटणीही बदलली का? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्यांत बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि पुरुष 97 मिनिटे. आणि मुळात या कामांना हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते, तर बायका एक्याऐंशी. गाठीभेटींचा वेळ त्या पाहणीत घरकामात धरलेला नाही, त्याचा रकाना निराळा आहे. म्हणजे स्नेह राखण्याचे काम या 299 मिनिटांच्या बाहेरच राहिले.

मग झाले काय? सुनेला वेळ नाही, सासूला गुडघ्यामुळे जिना उतरवत नाही आणि पुरुषांना तर हे आपले काम वाटतच नाही. वाटी थांबली. तिच्या जागी सकाळी मोबाईलवर गुलाबाच्या फुलाचे चित्र येते. ते शंभर जणांना एकदम गेलेले असते, म्हणून ते कोणालाच आलेले नसते. त्या चित्राला माझा विरोध नाही. पण ताप आला असता ते चित्र पेज करून देत नाही.

बंधूंनो, या ठिकाणी मला तुमच्याविषयी बोलले पाहिजे. थोडे कडू वाटले तर उगादीची पचडी समजून गोड करून घ्या. पुरुषांची मैत्री बहुधा कचेरीच्या टेबलाशी जमते आणि निवृत्तीच्या हाराबरोबर घरी येते, ती पुढे वर्षभरात वाळते. घराचे म्हणून जे स्नेही असतात, त्यांच्याकडे तुम्ही जाता ते बायकोच्या मागून, पिशवी धरून. तोपर्यंत सारे ठीक चालते. परंतु उद्या दैवयोगाने ती आधी गेली तर? तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. चौदाव्या दिवसापासून दार वाजत नाही. शेजारच्या अक्कांचे नाव काय, हे त्या गृहस्थाला ठाऊक नसते. कोणाच्या घरी सहज जाऊन बसावे, तर 'सहज' कसे जातात हे उभ्या आयुष्यात शिकलेला नसतो. चिंचेची बरणी कुठे आहे हे ठाऊक नसल्याचे दुःख लहान आहे, ती शोधली की सापडते. चाळीस वर्षे शेजारी राहून आपण कोणाचेच कोणी झालो नाही, हे दुःख मोठे आहे. असे वृद्ध गृहस्थ आपल्या ट्रस्टच्या सभासदांतही आहेत. त्यांना पैशाची वाण नाही. माणसांची वाण आहे.

भगिनींनो, आता आपल्याविषयी. आपण सासरचे सारे स्नेह सांभाळतो, आणि त्या गडबडीत आपल्या स्वतःच्या मैत्रिणी हरवून बसतो. लग्नात मुलीचे गाव बदलते, आडनाव बदलते. काही घरांत अजूनही पाळण्यातले नावसुद्धा बदलतात. ज्या मैत्रिणीबरोबर नुमाइशीत हिंडून बांगड्या भरल्या, ती नंतर या नव्या नावाच्या बाईला शोधणार कशी? नवऱ्याचा मित्र आला की चहा, पोहे, जेवण. बायकोची मैत्रीण आली की 'अर्ध्या तासात जाईल ना?' असा चेहरा. असे का असावे? नव्या सुनेला दागिने काय आले हे आपण पाहतो. तिच्या मैत्रिणी कोण, त्यांची नावे काय, हे विचारणारी सासू मला पाहायची आहे.

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आपल्या बायकांच्या भेटीगाठी पुष्कळशा हळदीकुंकवाच्या निमित्ताने होतात. चैत्रातले हळदीकुंकू, संक्रांतीचे वाण, मंगळागौर. फार छान रीत आहे. पण जिचा नवरा वारला तिला त्या दिवसापासून हे बोलावणे बंद होते. म्हणजे जिला मैत्रिणींची सर्वांत अधिक गरज आहे, तिच्याच तोंडावर आपण दार लावतो, आणि तेही हसतमुखाने, रीत म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाने मे 2022 मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट रूढी बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. एक गाव जे करू शकले ते शिकलेल्या बरकतपुऱ्याला अवघड वाटू नये. तिळगूळ घ्यायला सौभाग्य लागत नाही, जीभ लागते.

नुसता उपदेश करून जाणे हा वक्त्यांचा धर्म आहे खरा, पण मी गृहिणी असल्यामुळे काही तरी वाढून जावे असे वाटते. म्हणून चार सूचना करते.

पहिली, प्रत्येक घरात स्नेह्यांची एक वही असावी. कोणाशी आपला किती वर्षांचा संबंध, त्यांची मुले कुठे, सुखदुःखाच्या तिथी कोणत्या, हे तीत लिहावे. आज हे सारे आजीच्या डोक्यात आहे. आजीचे अक्षर चांगले नसेल तर नातवाने तिच्याजवळ बसून लिहून घ्यावे. त्यात नातवाला गोष्टीही ऐकायला मिळतील.

दुसरी, त्या वहीतली घरे घरातल्या माणसांनी वाटून घ्यावीत. चार घरे बायकोने, चार नवऱ्याने, दोन मोठ्या मुलाने. ज्याच्या वाटणीला जे घर, त्याने तिथले बरेवाईट पाहावे, आजारात जाऊन यावे, वाटी भरून नेऊन द्यावी. पुरुषाने शेजारी वाटी नेली म्हणून त्याच्या मिशीचा पीळ उतरत नाही.

तिसरी, सुनेच्या आणि लेकीच्या मैत्रिणींना वर्षातून एकदा मानाने घरी जेवायला बोलवावे, आणि त्या दिवशी स्वयंपाक तिने करू नये.

चौथी सूचना आपल्या ट्रस्टसाठी आहे. शिष्यवृत्त्या, औषधोपचार ही आपली कामे चालू राहावीतच. त्यांच्या जोडीला, बरकतपुरा, काचीगुडा, नारायणगुडा या भागांत जे सभासद एकटे राहतात त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसणाऱ्यांची एक यादी करावी. जाणाऱ्याने काही नेऊ नये, पाऊण तास बसावे, चहा झाला तर प्यावा. या कामाला निधी लागत नाही, म्हणून देणगीदारांची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि येत्या संक्रांतीचे आपल्या ट्रस्टचे हळदीकुंकू सर्व स्त्रियांसाठी आहे, असे निमंत्रणपत्रिकेवर स्वच्छ छापावे. छापले म्हणजे प्रत्येकीला निःशंक मनाने येता येईल. 'मी येऊ का?' असे विचारण्याची पाळी कोणावर येऊ नये.

या संस्थेच्या आरंभीच्या मंडळींपाशी फार पैसा होता असे नाही. एकमेकांची दारे वाजवून त्यांनी ती उभी केली. आपल्या मुलांकडे पैसा आपल्यापेक्षा अधिक असेल, ही देवाची कृपा. दार वाजवण्याची सवय मात्र देव देत नाही, ती घरातूनच लागावी लागते. मुलगा आणि मुलगी दोघांनाही ती लावू या.

मुले घुंगरू वाजवून मला खूण करीत आहेत, तेव्हा आता थांबते. संस्थेला दीर्घायुष्य लाभो, आणि तिच्या सभासदांपैकी कोणाचेही दार फार दिवस न वाजता राहू नये, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेते.